क्ष्वेडा

आप्पांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली
आणि वर तंबाखूची डबी, पंख्यानं उडू नये म्हणून.
"वैद्यानं काय लिवलंय बघ, बाई.
मला लागंना, अन् त्याला इचारायची लाज वाटायली."

निळ्या शाईत एकच शब्द: कर्णक्ष्वेड.

अंबाजोगाईच्या या वाचनालयात एकवीस वर्षं
मी पुस्तकांना खाकी कव्हरं घालते आहे.
कोश खाली निघतो तो क्वचित,
तोही शब्दकोड्याच्या बक्षिसापायी.
शिडी लावली. 'क'च्या अगदी शेवटाशी,
जिथवर कुणी पानं उलटत नाही,
वाळवीनं समास खाऊन मजकूर सोडला होता.

क्ष्वेड: कानात आपोआप होणारा नाद.
क्ष्वेड: विष.
क्ष्वेडा, स्त्रीलिंगी: सिंहाची गर्जना;
रणात तुटून पडताना ठोकलेली आरोळी.
आणि खाली, उरलंसुरलं लिहावं तसं: वेळूची काठी.

मी वाचलं. आप्पांनी उजवा कान पुढं केला.
"पुन्यांदा."
"आरोळी, आप्पा. लढाईतली."
"काठी बी मनलीस ना?"
"हो. वेळूची."
मग ते बाकड्यावर बसले. बराच वेळ.

मन्मथआप्पा हालगे, वय सत्त्याऐंशी.
औशाकडच्या एका गावात
पोरवयात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायचे.
हाळी अशी, की तीन शिवारं पलीकडचा बैल मान वर करायचा.
रझाकारीच्या त्या साली नाक्यावर जायचं ठरलं
तेव्हा थोरली पोरं म्हणाली,
ह्याला हत्यार नको, ह्याचा गळाच घ्या.
तू हाक दे. हाक आली की आम्ही उठू.

"तुरीत पालथं पडलो. हातात पाखरं हाकायची काठी, तेवढीच.
नाक्यात कंदील. कंदिलापाशी एक शिपाई जेवायलाला.
न वळखीचा. नाव बी ठाऊक न्हाई.
त्यानं भाकरीचा तुकडा मोडला,
पयला कुत्र्याला टाकला, मग सोता खाल्ला.
म्या छाती भरून घेतली. तोंड उघडलं.
अन् आवाज भाईर आलाच न्हाई.
आत गेला. हितून."
डाव्या कानावर बोट.
"तवापासून वाजायलंय."

"मग?"

आप्पांनी डबी उचलली.
चिठ्ठी उडाली, कपाटाखाली गेली.
मी गुडघ्यावर बसून पट्टीनं ती ओढून काढली,
फुंकर मारून त्यांच्या हातात दिली,
तोवर ते दारात पोचले होते.

त्या आठवड्यात मी तो शब्द वापरून पाहिला.
मोंढ्यात हराशी चालली होती, सोयाबीनचे भाव वर चढत होते,
ती क्ष्वेडा नव्हती.
स्टँडवर कंडक्टर लातूर लातूर ओरडत होता, तीही नव्हती.
शाळेच्या पोरांनी कबड्डीत शेवटचा गडी पाडला,
तिथं म्हणावंसं वाटलं जरा.
पण ओठांवर घ्यावा तर आधी 'क्ष',
दाराला आतून कडी लावल्यासारखा;
मग 'वे'ला थोडी फट,
आणि 'डा'वर जीभ टाळूला आपटून परत फिरते.
आरोळीचं नाव, आणि ते ओरडता येत नाही.
ज्यानं घडवलं त्यालाही
कुठल्याशा रानात पालथं पडावं लागलं असेल का?
कोशात उदाहरणाचं वाक्य दिलेलं नाही.

मंगळवारी आप्पा पेपर वाचायला आले.
मी विचारलं, तेल टाकायलाव का कानात?
"टाकायलोय की. रोज रात्री चार थेंब. उजव्यात."
"पण वाजतंय ते तर डाव्यात."
"हाव," ते म्हणाले,
आणि पेपर उलगडला.